दुकानापुरत्या कुबड्या

चपलाबुटांच्या त्या दुकानात त्यांना नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. थोरले मालक मारायचे. ते गेले आणि हाकही गेली. बाकी सगळ्यांसाठी ते 'मापाडी'. कुणा गिऱ्हाइकानं चेष्टेत ठेवलेलं नाव, पण ते असं चपखल बसलं की बायकोसुद्धा रागात असली की म्हणायची, "या मापाडी, जेवून घ्या."

सदतीस वर्षं त्यांनी लोकांच्या पायाशी बसून काढली. गिऱ्हाईक वर बाकावर, हे खाली वीतभर उंचीच्या स्टुलावर. मांडीवर माप घ्यायची लाकडी फळी, शर्टाच्या खिशात बुटाचा पितळी चमचा. "उभे राहा. भार द्या. बसून मापलेला पाय खोटं बोलतो." एवढं झालं की त्यांचा खरा कार्यक्रम सुरू व्हायचा. गिऱ्हाइकानं काढून ठेवलेला जुना बूट ते उलटा करायचे, हात बघणारा हात बघतो तसा तळ निरखायचे आणि निकाल द्यायचे. "टाच बाहेरून झिजलीय. उजवा गुडघा दुखतो ना?" नाहीतर, "पुढचा भाग गुळगुळीत, टाच कोरी. सारखे घाईत असता वाटतं?" दहापैकी आठ वेळा बरोबर यायचं. उरलेल्या दोन वेळा गिऱ्हाईकच चुकीचं चालतं, असं त्यांचं मत.

एकदा तर नुकतंच लग्न झालेल्या एका बाईंना ते नवऱ्यादेखत म्हणाले, "बाई, तुमचं पाऊल वाकडं पडतंय." त्यांना म्हणायचं होतं की डावा पाय आत वळतो. नवरा ताडकन उठला. थोरल्या मालकांना आतून धावत यावं लागलं. मापाडींनी माफी मागितली, पण मागतानाही त्यांची नजर त्या डाव्या पायावरच खिळलेली, हे बघून बाईंना हसू फुटलं म्हणून निभावलं. जाताना ते जोडपं दोन जोड घेऊन गेलं.

अशा या माणसाची स्वतःची चाल मात्र दहा वर्षांपासून बिघडत चालली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. उजव्या पायावर भार आला की कंबर खचायची, खांदा झोकायचा. सगळ्या दुकानाला दिसायचं. त्यांना दिसत नसे, कारण ते कायम दुसऱ्यांच्या पायांकडे बघत. एक दिवस बायकोनं त्यांचाच बूट उलटा करून पुढ्यात धरला.

"हा बघा उजवा. एका बाजूनं पार खलास झालाय."

"दुकानाची फरशी उतरती आहे."

"मग डावा का झिजत नाही?"

"तो चढावर असतो."

बायकोनं बूट खाली ठेवला. ती तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसलेली बाई. समोरचा कधी खोटं बोलतोय ते तिला कळायचं आणि कधी फोन ठेवायचा तेही.

शेवटी एका गर्दीच्या दुपारी मापाडी स्टुलावर बसले ते उठलेच नाहीत. उठायचा प्रयत्न तीनदा केला, चौथ्यांदा गिऱ्हाइकानंच हात देऊन उठवलं. एका पायात नवा बूट, दुसऱ्यात जुना मोजा अशा अवस्थेत त्या बिचाऱ्यानं त्यांना बाकावर बसवून पाणी पाजलं. इस्पितळात हाडांचे फोटो काढले. खुब्याच्या सांध्यातली गादी संपली होती आणि हाडावर हाड घासत होतं. डॉक्टर म्हणाले, सांधा बदलायला हवा.

सांधा बदलला. ऑपरेशन उत्तम झालं. मग घरी पाठवताना एक कागद हातात दिला. बुटक्या आसनावर बसायचं नाही. कमरेतून काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही. जमिनीवरची वस्तू उचलायची नाही. पायावर पाय टाकायचा नाही. मापाडींनी तो कागद दोनदा वाचला आणि बायकोकडे दिला. त्यांच्या नोकरीत जे जे होतं ते सगळं डॉक्टरांनी 'हे करायचं नाही' या मथळ्याखाली ओळीनं लिहून दिलं होतं.

आणि दोन कुबड्या. इस्पितळाच्या भांडारातून, परत करायच्या बोलीवर. ॲल्युमिनियमच्या, काखेत रबराची उशी, खाली रबराची टोपी. टोपीचा तळ मापाडींनी लगेच तपासला. "आधीचा माणूस डावीकडे कलत होता," ते म्हणाले.

सहा आठवडे ते दोन कुबड्यांवर घरात फिरले. बायकोनं खुर्चीच्या पायांखाली ठोकळे बसवले, पलंग उंच केला, वाटेतली सतरंजी गुंडाळली. ती स्वयंपाकघरात असायची आणि कानानं त्यांच्यावर लक्ष ठेवायची. ठक, पाऊल, पाऊल. मधलं पाऊल हलकं पडलं की तिथून आवाज यायचा, "पूर्ण टेका पाय. नवा सांधा शोकेसमध्ये ठेवायला बसवला नाही."

आठवड्यातून दोनदा व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची. मुलगी म्हणजे बत्तीसेक वर्षांची, पण मापाडींच्या लेखी मुलगीच. घरात तिला 'व्यायामवाली' म्हणत. ती फार बोलत नसे. आडवं पडा, पाय बाजूला न्या, दहा वेळा. उभं राहा, गुडघा उचला, दहा वेळा. मापाडी नऊ वेळा करून दहा म्हणायचे आणि ती म्हणायची, "हां, आता दहावा."

सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की आता एक कुबडी सोडा आणि दोनतीन आठवड्यांत दुसरीही. सगळ्यांना आनंद झाला. मापाडींना झाला नाही. त्यांना एक शोध लागला होता.

"पाय लांब झालाय," त्यांनी व्यायामवालीला सांगितलं.

"कुणाचा?"

"माझा. उजवा. अर्धा सेंटिमीटर. आयुष्य पाय मोजण्यात गेलंय माझं मॅडम, मला शिकवू नका."

त्यांनी पुरावे गोळा केले होते. दुकानातून मापाची टेप मागवून घेतली होती. भिंतीला टेकून, आडवं पडून, मोजे घालून, मोजे काढून मोजलं होतं. दर वेळी वेगळं उत्तर आलं, पण प्रत्येक उत्तरात उजवाच लांब होता. व्यायामवालीनं बूट बघायला मागितले. डाव्या बुटात आतून तीन पदरांचा पुठ्ठा कापून, कातडं चिकटवून इतका सुबक बसवला होता की तिला तो काढायला चमचा लागला.

"हे काय आहे?"

"भर. डॉक्टरांनी बिघडवलं ते मी दुरुस्त केलंय."

ती खाली बसली, त्यांच्यासमोर, आणि पहिल्यांदाच सलग चार वाक्यं बोलली. "काका, पाय दोन्ही सारखे आहेत. मी मोजलेत, डॉक्टरांनी फोटोवर मोजलेत. तुम्ही दहा वर्षं वाकडे चालत होता, त्यामुळे तुमच्या कमरेला वाकडं तेच सरळ वाटतं. आता सरळ झालात तर वाकडं वाटतंय."

मग आतून बायकोचा आवाज आला, "फरशी उतरती होती ना हो?"

पुठ्ठा निघाला, पण त्यात दोन आठवडे गेले. नंतर एका कुबडीचा वाद झाला. कुबडी दुखऱ्या बाजूला धरायची, हे मापाडींना इतकं उघड वाटत होतं की आजवर किमान शंभर गिऱ्हाइकांना त्यांनी तसा सल्ला दिला होता. व्यायामवाली म्हणाली, उलट्या बाजूला. पाय उजवा, तर कुबडी डाव्या हातात. "हे कुठलं शास्त्र?" म्हणत त्यांनी तिच्यासमोर डाव्या हातात धरली आणि ती जिना उतरली की उजव्या हातात घेतली. दोन दिवस कंबर ठणकली. तिसऱ्या दिवशी कुणाला काही न सांगता कुबडी डावीकडे गेली. शंभर गिऱ्हाइकांचं काय झालं असेल, हा विचार त्यांनी केला की नाही ते कळायला मार्ग नाही.

दरम्यान आठव्या आठवड्यात ते दुकानात हजर झाले होते. घरात एक कुबडी, बाहेर गर्दीत धक्का लागू नये म्हणून दोन, असं ठरलं होतं. धाकटे मालक, म्हणजे थोरल्यांचे चिरंजीव, स्वतः पंचेचाळिशीचे, दारापर्यंत घ्यायला आले. स्टुलावर बसता येणार नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या केबिनमधली उंच, हात असलेली खुर्ची आणून दाराच्या आत डाव्या बाजूला ठेवली. "काका, तुम्ही फक्त इथं बसा. लोकांना सल्ला द्या. वाकायचं काम बाकीचे करतील."

मापाडी बसले. दोन्ही कुबड्या खुर्चीला टेकवून ठेवल्या.

आणि इथून पुढं जे घडलं त्याची कुणालाच कल्पना नव्हती. सदतीस वर्षं गिऱ्हाइकांनी त्यांचा फक्त टाळूवरचा विरळ भाग पाहिला होता. आता लोक आत आले की आधी त्यांना चेहरा दिसे, मग कुबड्या दिसत आणि आवाज आपोआप खाली येई. पूर्वी त्यांनी जुना बूट उलटा केला की लोक घड्याळ बघायचे. आता लोक स्वतः बूट काढून, स्वतः वाकून, दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरायचे. "काका, जरा बघता का?" ते म्हणायचे, "टाच मऊ असलेला घ्या," आणि माणूस निमूट मऊ टाचेचा घ्यायचा. ज्यानं स्वतः भोगलंय तो चुकीचं कशाला सांगेल? एका आजोबांनी तर त्यांना पाठीशी घ्यायला उशी आणून दिली. धाकटे मालक, जे एरवी चहा झाला का हेही विचारत नसत, ते आता स्वतः कप घेऊन यायला लागले.

धाकट्या मालकांचं डोकं चालायचं. त्यांनी दारालगतची एक फळी रिकामी करून तिच्यावर आरामदायी बुटांचे जोड मांडले. नेमकी मापाडींच्या खुर्चीमागची फळी. खपही वाढला.

दहाव्या आठवड्यात घरात एक गोष्ट झाली. बायको कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. बराच वेळ ठक आवाज आला नाही म्हणून तिला वाटलं, झोपले असतील. तेवढ्यात स्वयंपाकघरात बिस्किटांच्या डब्याचं झाकण वाजलं. ती उठून गेली. मापाडी ओट्यापाशी उभे होते, एका हातात डबा, दुसऱ्यात बिस्कीट आणि कुबडी पलंगाला टेकलेली, पंधरा पावलं मागं.

"कसे आलात?" बायकोनं विचारलं.

मापाडींनी खाली बघितलं. "चालत आलो की काय मी?"

त्या दिवशी ती हसली आणि थोडी रडलीही. व्यायामवालीनं येऊन त्यांना एकेका पायावर उभं केलं, मागून कंबर सरळ राहते का बघितलं आणि म्हणाली, "झालं. घरात सोडली तशी बाहेर पण सोडा. लागलीच तर एक जवळ ठेवा." मापाडी म्हणाले, "हो."

दुसऱ्या दिवशी ते दोन्ही कुबड्या घेऊन दुकानात गेले.

पहिले काही दिवस खरंच धक्क्याची भीती होती. मग सवय होती. मग धाकटे मालक एकदा खुर्चीजवळ येऊन, फळीवरचे बूट सारखे करत, सहज बोलावं तसं म्हणाले, "काका, घाई करू नका हं. शरीर आहे. महिना-दोन महिने जास्त लागले तर बिघडत नाही." त्यानंतर कुबड्या सोडायचं कारणच राहिलं नाही. सकाळी घरातून जिना उतरायचा तो कुबड्या काखोटीला मारून, छत्री न्यावी तशा. कोपऱ्यावर वळलं की त्या काखेत घ्यायच्या. तिथून दुकानापर्यंत ठक, पाऊल, पाऊल. संध्याकाळी उलट.

बायकोनं हे तिसऱ्याच दिवशी गॅलरीतून पाहिलं.

"कोपऱ्यावर काय होतं हो तुम्हाला?"

"काय होतं?"

"इथवर बरे असता. तिथं गेलं की आजारी पडता."

मापाडी मोजे घालत होते. मोजे घालायला मिळालेली लांब दांडीची पट्टी त्यांनी हातात फिरवली. "तुला नाही कळायचं. सदतीस वर्षं लोकांनी पाय पुढं केले माझ्यासमोर. आता हात पुढं करतात."

तिला कळलं. तिनं दुसरा मोजा त्यांच्या हातात दिला.

बाराव्या आठवड्यात दुकानात एक बाई आल्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. बारीक अंगाच्या, चष्म्यातून बघायच्या तेव्हा समोरच्याला आपला गृहपाठ राहिला असावा असं वाटायचं. त्यांच्या डाव्या खुब्याचं तेच ऑपरेशन झालं होतं, तेही दुसऱ्या इस्पितळात. उजव्या हातात एकच कुबडी. उलट्या बाजूला, बरोबर धरलेली. मापाडींच्या ते लगेच लक्षात आलं.

"कितवा आठवडा?" बाईंनी विचारलं.

"बारावा."

"माझा सहावा. कालच डॉक्टर म्हणाले एक सोडा, म्हणून सोडली." त्यांनी खुर्चीला टेकलेल्या दोन कुबड्यांकडे बघितलं. मग आपल्या एकीकडे. ओठ हलले, मनात काहीतरी मांडणी चालली असावी. "बारा आठवड्यांनंतर दोन?"

इथं खरं बोलायला फार काही लागत नव्हतं. पण दोन गिऱ्हाइकं बाजूला उभी राहून ऐकत होती आणि धाकटे मालक गल्ल्यापाशी होते. "ज्याची त्याची प्रकृती," मापाडी म्हणाले. आणि तेवढ्यावर थांबावं की नाही? पण सल्ला द्यायची सवय. "घाई करू नये, बाई. शरीर आहे."

बाईंनी मऊ टाचेचा जोड पसंत केला. डावा जरा आवळत होता, तो ठोकळ्यावर चढवून सैल करून ठेवायचं ठरलं. पंधरा दिवसांनी येते म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी आल्या तेव्हा त्यांच्याकडे दोन कुबड्या होत्या.

मापाडींना आधी वाटलं, पडल्याबिडल्या. "काय झालं?"

"काही नाही. तुमच्याकडे बघून शहाणी झाले," बाई म्हणाल्या. "डॉक्टर काय, सगळ्यांना एकच सांगतात. मी विचार केला, या माणसाला पायांचं एवढं ज्ञान, तो बारा आठवड्यांनी दोन वापरतो, तर मी सहाव्याला एक म्हणजे आगाऊपणाच. जिना उतरणंही बंद केलं. आज आले ती शेजारणीनं धरून आणलं म्हणून." शेजारीण दारात उभी होती. बाईंच्या चेहऱ्यावर गेल्या खेपेचा तो गृहपाठ तपासण्याचा भाव नव्हता. खांदे वर आले होते, पाऊल अर्धंच टेकत होतं.

मापाडींनी ते पाऊल बघितलं. असल्या पावलाबद्दल त्यांनी आयुष्यभर लोकांना तोंडावर सुनावलं होतं. या वेळी त्यांनी नजर बुटांच्या फळीकडे वळवली. बाईंनी बूट मागितले. "अजून सैल झाले नाहीत," ते म्हणाले. हे मात्र खरं होतं. "मी घरी पोचवतो."

त्या दिवशी संध्याकाळी कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी कुबड्या काखोटीला मारल्या नाहीत. तशाच काखेत धरून जिन्यापर्यंत आले. बायकोनं दार उघडलं आणि आवाजावरून ओळखलं की काहीतरी बिनसलंय. चहा होईपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं.

"मग आता?" तिनं विचारलं.

"बूट पोचवीन. आणि सांगीन, की तुम्ही एकच वापरा."

"आणि स्वतः दोन घेऊन जाणार?"

"तेच तर."

"मी सांगू का? बूट खोक्यात असतात. खोकं धरायला हात लागतात."

दोन दिवसांनी, सुट्टीच्या सकाळी, मापाडी दोन्ही हातांत खोकं धरून बाईंच्या घरी निघाले. दुसरा मजला. चढताना डावा पाय आधी, उजवा मागून, असं शिकवल्याप्रमाणे चढले. मधल्या वळणावर थांबले. दम लागला होता, आणि थोडी पळून जायची इच्छाही झाली होती. दार शेजारणीनं उघडलं. आत बाई खिडकीजवळ उंच खुर्चीत बसल्या होत्या.

त्यांनी आधी खोकं बघितलं. मग मापाडींच्या दोन्ही काखा बघितल्या. मग दरवाजाबाहेर.

"कुबड्या कुठे?"

"घरी."

"मग तुम्ही इथं कसे?"

"चालत."

"आज सोडल्या?"

मापाडींनी खोकं टेबलावर ठेवलं. "नाही. चार आठवडे झाले. घरात. दुकानात फक्त... दुकानात वापरतो."

"का?"

याचं उत्तर त्यांनी रस्त्यात जुळवून आणलं होतं. गर्दी, धक्का, खबरदारी. पण त्या चष्म्यापुढं ते टिकेना. "लोक नीट बोलतात," ते म्हणाले.

बाईंनी मग जी सुरुवात केली ती शेजारीण अजून सांगते. आवाज चढला नाही. फक्त हिशेब मांडला. "म्हणजे मी दुकानात आले तेव्हा तुम्हाला सोडून दोन आठवडे झाले होते. मी गेल्यावर आणखी दोन. या दोन आठवड्यांत मी खाली उतरले नाही. डॉक्टरांचं ऐकलं नाही. सकाळचे व्यायाम बंद केले. का? तर तुमच्याशी लोक नीट बोलावेत म्हणून. हे उत्तर तुम्हाला बरोबर वाटतं?"

"नाही."

"मोठ्यांदा."

"नाही, बाई." साठी ओलांडलेला माणूस हात मागं बांधून उभा होता.

"चालून दाखवा."

"आं?"

"खरंच बरे आहात का, की हेही खोटं? भिंतीपर्यंत जा. परत या."

मापाडी गेले. परत आले. बाईंनी पुन्हा जायला लावलं, या खेपेला मागून बघितलं. "वळताना उजवा खांदा झोकता. पाऊल छोटं टाकता उजवं. हात का हलवत नाही? खोकं ठेवलंय आता."

मापाडी ऐकत होते. सदतीस वर्षांत असं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर त्यांनी ते फरशीवर ढकललं होतं. "खांदा आत्ताच झोकला की नेहमी?" त्यांनी अगदी धंद्यातल्या कुतूहलानं विचारलं. त्यावर बाईंना हसू आवरेना. मग राग संपला असं नाही, पण शेजारणीला चहा ठेवायला सांगितला गेला.

चहानंतर बाईंनी नवे बूट घातले. मापाडींना वाकता येत नव्हतं. त्यांनी उभ्यानं चमचा पुढं केला, बाईंनी तो घेतला. एका कुबडीवर खिडकीपासून दारापर्यंत गेल्या. मापाडी काय बोलतात याची शेजारीण वाट बघत होती.

"मी काही सांगत नाही," मापाडी म्हणाले. "डॉक्टरांना विचारा."

बाईंनी कुबडी पूर्णपणे सोडली ती पुढं पाच आठवड्यांनी, वहीत तक्ता आखून, रोज किती पावलं ते लिहून. दोन आठवडे उशीर झाला तो झालाच. त्याचं खापर त्या भेटेल त्याला मापाडींवर फोडत आणि त्यात चूक काहीच नव्हतं.

मापाडींनी दुसऱ्याच दिवशी धाकट्या मालकांना सांगितलं, की उद्यापासून कुबड्या बंद. मालकांचा चेहरा पडला. "बरं झालं, काका. आनंदच आहे," ते म्हणाले. जरा वेळानं परत आले. "निदान शनिवार-रविवार तरी?"

"नाही."

"बाजूला नुसत्या उभ्या करून ठेवल्या तर? वापरू नका तुम्ही."

"इस्पितळाच्या आहेत. परत करायच्यात."

त्यांनी खरंच त्या त्याच दुपारी परत केल्या. भांडारातल्या माणसानं रबरी टोप्या बघून म्हटलं, "वा, नेल्या तेव्हापासून काहीच झिजल्या नाहीत." मापाडी पावती घेऊन निघाले.

आता लोक पूर्वीसारखे वागतील, पाय पुढं करतील, घड्याळ बघतील, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. उंच खुर्ची सोडून ते उभे राहूनच काम करू लागले. माप घ्यायला एक उंच चौरंगासारखी पायरी करून घेतली, तिच्यावर गिऱ्हाइकानं पाय ठेवायचा. पण झालं भलतंच. ज्यांनी दीड महिना त्यांना दोन कुबड्यांवर पाहिलं होतं, ते आत आले की जागीच थांबायचे. काका चालतायत! नजर आपोआप खाली जायची, त्यांच्या पायांतल्या बुटांकडे. मग मागच्या फळीकडे.

"हेच घातलेत ना?"

"हो, पण त्यानं काही झालं नाही. ऑपरेशन झालं होतं. व्यायाम केले."

"हां हां," गिऱ्हाईक म्हणायचं, मान डोलवत, आणि तेच बूट मागायचं. काही जण डोळाही मिचकावायचे. मापाडी दरेकाला घसा कोरडा होईस्तोवर सांगायचे, सांधा नवा आहे, डॉक्टरांनी बसवलाय, बूट साधेच आहेत. जितकं सांगावं तितका विश्वास बसायचा, की हा माणूस भला आहे, दुकानाची जाहिरातसुद्धा करत नाही. आठ दिवसांत फळी रिकामी झाली. धाकटे मालक पुन्हा चहा घेऊन आले, या वेळी बिस्किटांसकट.

"कुबड्या होत्या तेव्हा मी खोटा होतो," त्यांनी घरी बायकोला सांगितलं, "तेव्हा कुणी अविश्वास दाखवला नाही. आता खरं बोलतोय तर कुणी ऐकत नाही."

"ऐकतात की. फक्त त्यांना हवं ते ऐकतात. तीस वर्षं मी तेच बघितलं फोनवर," बायको म्हणाली आणि त्यांच्या ताटात आणखी वाढलं.

मध्यंतरी एक तरुण आला. आईसाठी बूट हवेत म्हणाला, तेच, काका चालायला लागले ते. मापाडींनी शांतपणे विचारलं, "आईंना त्रास कुठे आहे?"

"मानेला."

"अहो, मग मानेला बूट कसे लागू पडतील?"

तरुण जरा विचारात पडला. मग त्यानं आवाज खाली आणला. "तरी द्या एक जोड. आईनं नाव काढलंय. नाही नेले तर घरात शिरू देणार नाही."

मापाडींनी त्याच्याकडे बघितलं, सुस्कारा टाकला आणि विचारलं, "आई उभ्या असतील तेव्हा पाय मापलाय का, की बसून?"

बसून मापला होता. त्यांनी त्याला परत पाठवलं.